दहा हजार डॉलर नेमके कोणाचे?

गेल्या अंकात या सदरात लोरेन हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ या नाटकाविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत सोलापूरची पत्रे इतकी निघाली, की हा अंक त्यांनाच द्यावा असे ठरवले. ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो.

शिकागोच्या दक्षिण भागात, भाड्याच्या एका कोंदट बिऱ्हाडात यंगर हे कृष्णवर्णीय कुटुंब राहते. आयुष्यभर राबून मरण पावलेल्या थोरल्या वॉल्टरच्या आयुर्विम्याचे दहा हजार डॉलर त्याची विधवा लीना हिच्या नावे यायचे आहेत. मुलगा वॉल्टर ली एका गोऱ्या साहेबाच्या मोटारीवर ड्रायव्हर असून त्याला भागीदारीत दारूचे दुकान काढायचे आहे. मुलगी बेनीथा हिला डॉक्टर व्हायचे आहे. सून रूथ लोकांच्या घरी कामाला जाते आणि नातू ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीतल्या कोचावर झोपतो. लीना साडेतीन हजार डॉलर आगाऊ भरून गोऱ्यांच्या क्लायबोर्न पार्क या वस्तीत घर घेते. उरलेले साडेसहा हजार ती मुलाच्या हाती देते, पण त्यांतले तीन हजार बहिणीच्या शिक्षणासाठी बँकेत टाकायचे असे बजावून. तो सगळीच रक्कम दुकानाच्या व्यवहारात घालतो आणि भागीदार विली हॅरिस ती घेऊन पसार होतो. ही बातमी येण्याआधीच त्या वस्तीच्या संघटनेतर्फे कार्ल लिंडनर नावाचे गृहस्थ येऊन, ‘तुम्ही तिकडे राहायला येऊ नका, आम्ही तुमचे घर जास्त पैसे मोजून परत घेतो,’ असा प्रस्ताव ठेवून जातात. त्या वेळी वॉल्टर त्यांना घालवून देतो. पैसे बुडाल्यावर मात्र तोच त्यांना फोन करून बोलावतो, आणि ते समोर आल्यावर पुन्हा नकार देतो. कुटुंब सामान बांधून नव्या घराकडे निघते.

प्रश्न : ‘पैसा आला की घर फुटते,’ हेच या नाटकाचे सार आहे असे मला वाटते. आम्ही लहानपणापासून अंथरूण पाहून पाय पसरावे हे ऐकत आलो. वॉल्टर लोभी आहे, त्याच्या लोभापायी बापाच्या कष्टाचा पैसा गेला, आणि तरीही आपण गेल्या लेखात त्याची बाजू घेतलीत, हे पटले नाही.
— सेवानिवृत्त शिक्षक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आपण म्हणता तसे असते, तर नाटक चेक आल्यापासून सुरू व्हायला हवे होते. लेखिकेने तसे केलेले नाही. चेक उद्या यायचा आहे अशा सकाळी पडदा उघडतो, आणि घर फुटायचे तेवढे आधीच फुटलेले आहे. सामाईक संडास-बाथरूम बाहेरच्या बोळात असल्याने शेजाऱ्यांच्या आधी नंबर लावायची घाई चालली आहे. ट्रॅव्हिसला शाळेत न्यायला पन्नास सेंट हवे आहेत. रूथ सांगते, नाहीत. मुलाला नाही म्हणावे लागते हे वॉल्टरला सहन होत नाही, म्हणून तो खिशातून पन्नास सेंट काढून देतो, वर आणखी पन्नास देतो, आणि मुलगा गेल्यावर कामावर जायला बसभाडे उरले नाही म्हणून बायकोकडेच हात पसरतो. दहा हजारांची भांडणे पुढे येतातच, पण मला हा एक डॉलरचा प्रसंग त्या सगळ्यांहून मोठा वाटतो. बापाने मुलासमोर मोठे दिसायचे आणि त्याची किंमत आईने मुकाट्याने द्यायची, ही घडी त्या घरात पैसा येण्यापूर्वीच पडलेली आहे.

आता लोभाविषयी. पैसा एका बाजूला आणि मानमर्यादा दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी दरमहा पेन्शन जमा होणाऱ्या माणसाला सोपी जाते. हे मी स्वतःलाही धरूनच म्हणतो. वॉल्टर पस्तिशीचा आहे, दिवसभर दुसऱ्यासाठी मोटारीचे दार उघडतो आणि बंद करतो, आणि रात्री झोपलेल्या मुलाकडे पाहून त्याला प्रश्न पडतो, की याला सांगण्यासारखे आपल्याजवळ काय आहे. दुकान हे त्याच्यासाठी ‘कोणाचा तरी नोकर’ या ओळखीतून सुटण्याचे दार आहे. आई त्याला विचारते, की तू सारखा पैशाविषयीच का बोलतोस. तो सांगतो, की पैसा म्हणजेच जगणे. तिच्या पिढीला दक्षिणेकडच्या राज्यांतून जीव वाचवून उत्तरेकडे यायचे होते, त्यामुळे जिवंत राहणे आणि मान ताठ ठेवणे एवढेच तिला पुरेसे वाटले. मुलाला त्यापुढचे हवे आहे. दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत, आणि म्हणून तर ते नाटक आहे.

चादरींच्या गावाहून आलेल्या पत्रात अंथरुणाची म्हण यावी हे योग्यच झाले. पण ते अंथरूण त्या कुटुंबासाठी आखूड कोणी विणले हे ती म्हण विचारत नाही, आणि हॅन्सबेरी यांचे सगळे नाटक तोच प्रश्न विचारण्यासाठी लिहिलेले आहे.

वॉल्टरचा गुन्हा मी कमी करत नाही, त्याची जागा मात्र बदलतो. त्याने स्वप्न पाहिले हा त्याचा गुन्हा नव्हे. बहिणीच्या नावाचे तीन हजार त्याने तिला न विचारता उचलले, आणि दुकानाचा परवाना लवकर मिळावा म्हणून राज्याच्या राजधानीत, स्प्रिंगफिल्डला, पैसे चारायच्या बेतात ते घातले, हा त्याचा गुन्हा आहे. आणि त्याच्याबरोबर लीनाचाही एक दोष धरला पाहिजे, कारण तो तिने स्वतःच धरलेला आहे. घर घ्यायचे हा निर्णय तिने कोणालाही न विचारता घेतला. त्यानंतर वॉल्टर कामावर जाईनासा झाला, दिवसदिवस साहेबाची नव्हे तर मित्राकडून मागून घेतलेली मोटार घेऊन भटकू लागला, दारूच्या गुत्त्यात बसू लागला, तेव्हा तिला उमगले की बाहेरचे जग आपल्या मुलाशी जसे वागते तसेच आपणही वागत आलो. त्या जाणिवेतून तिने उरलेली रक्कम त्याला दिली. पस्तिशीपर्यंत ज्याच्या हाती कधी काही दिले नाही, त्याच्या हाती एका संध्याकाळी सर्वस्व दिले, तर काय होईल याचा अंदाज घरातल्या कोणालाच नव्हता. विली हॅरिसला मात्र होता.

प्रश्न : माझी आई विडी कामगार आहे. आम्ही कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. लीना घरात पैसे घालते ते माझ्या आईला लगेच पटले. मी नर्सिंगचे शिक्षण घेत आहे आणि माझे मन बेनीथाच्या तीन हजारांवर अडकले. शेवटी सगळे आनंदाने सामान उचलतात, पण तिच्या फीचे काय, हे कोणी विचारतच नाही. लेखिका स्त्री असून असे का?
— विद्यार्थिनी, कुंभारी, दक्षिण सोलापूर

उत्तर : या महिन्यातला सर्वांत चांगला प्रश्न आपला आहे. आधी आपल्या आईंविषयी एक शब्द. दहा हजार विडी कामगार स्त्रियांनी संघटना बांधून, वर्षानुवर्षे मोर्चे काढून स्वतःची घरे उभी केली आणि २००६ साली त्यांचा ताबा मिळवला, ही गोष्ट ज्या जिल्ह्यात घडली, तिथे लीनाचा निर्णय समजावून सांगावा लागत नाही. दिवसभर मांडीवर सूप घेऊन पान, तंबाखू आणि दोरा यांत बोटे झिजवलेल्या बाईला चार भिंतींची किंमत आकड्यांत सांगायची गरज नसते.

पण आपला प्रश्न त्यापुढचा आहे. बेनीथाला पुष्कळ समीक्षक आणि त्याहून अधिक दिग्दर्शक धरसोड वृत्तीची मुलगी म्हणून रंगवतात. कधी गिटार शिकते, कधी घोडेस्वारी, कधी नायजेरियाहून आलेल्या असागाईने दिलेला पोशाख घालून नाचते, आणि श्रीमंत जॉर्ज मर्चिसनला धुडकावते. प्रेक्षक हसतात. मग तिसऱ्या अंकात, पैसे बुडाल्यानंतर, ती असागाईला लहानपणची एक हकिकत सांगते. बर्फाने झाकलेल्या पायऱ्यांवरून घसरगुंडी खेळताना रुफस नावाच्या मुलाचा चेहरा फाटला. तो मरणार असे तिला वाटले, पण डॉक्टरांनी तो शिवला आणि मुलगा बरा होऊन परत आला. एक माणूस दुसऱ्या माणसाला असे दुरुस्त करू शकतो, याचे तिला जे आश्चर्य वाटले त्यातून तिची डॉक्टर होण्याची इच्छा जन्मली. म्हणजे घरातल्या सर्वांत स्पष्ट स्वप्नाची मालकीण तीच आहे, आणि हे आपल्याला कळते ते त्याचे पैसे गेल्यावर.

शेवटी वॉल्टर लिंडनर यांना कुटुंबाची ओळख करून देताना मोठ्या अभिमानाने सांगतो, की ही माझी बहीण डॉक्टर होणार आहे. ज्याने तिची फी बुडवली तोच तिच्या पदवीचा मान मिरवतो. लेखिका इथे गप्प आहे हे खरे, पण ते विसरणे आहे असे मला वाटत नाही. पैसे परत मिळण्याचा कोणताही मार्ग तिने नाटकात ठेवलेला नाही, कोणाला पश्चात्तापाचे भाषण दिलेले नाही, आणि भाऊ-बहीण घराबाहेर पडतात ते तिने कोणाशी लग्न करावे यावरून भांडत. बहिणीच्या शिक्षणाची जागा बहिणीच्या लग्नाने किती सहज घेतली, हे तिथे ऐकणाऱ्याला ऐकू येते. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’तली प्रभा आठवा. शिकायची इच्छा असलेली ती मुलगी वाड्याच्या प्रतिष्ठेपायी घरात कोंडली गेली, आणि देशपांड्यांची इस्टेट कितीही वाटली तरी तिचे शिक्षण त्या वाटणीत कधी आले नाही. शिकागो आणि धरणगाव यांच्यात काही सारखे असेल तर ते हे.

रूथविषयी आपण लिहिले नाही, तरी सांगतो. घरातल्या प्रत्येकाला स्वप्न आहे, तिला मात्र पोटात राहिलेले मूल आहे आणि ते ठेवायचे की नाही ही विवंचना आहे. ते पाडण्यासाठी एका बाईकडे तिने पाच डॉलर आगाऊ भरलेले असतात. दहा हजारांच्या गोष्टीत हे पाच डॉलर ज्याच्या लक्षात राहतात त्याला नाटक कळले. आणि पैसे बुडाल्यावर लीनाही नवे घर सोडून द्यायला तयार होते, तेव्हा मूल पाठीशी बांधून शिकागोतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत दिवसाचे वीस तास राबेन पण घर सोडणार नाही, असे बोलणारी रूथच असते. वॉल्टरच्या नकाराचे कौतुक होते ते ठीक. पैसे बुडाल्यानंतरचा पहिला नकार तिचा होता.

प्रश्न : मी बँकेत तीस वर्षे कर्जविभाग सांभाळला. हिशेबाने पाहिले तर लिंडनर यांचा प्रस्ताव उत्तम होता. साडेतीन हजार भरले, वर नफा मिळणार होता, तो घेऊन दुसरीकडे घर आणि मुलीचे शिक्षण दोन्ही जमले असते. नाटककारांना भावनेच्या भरात व्यवहार सुचत नाही असे म्हणावे काय?
— सेवानिवृत्त बँक अधिकारी, जुळे सोलापूर

उत्तर : म्हणू नये, कारण या नाटकातला सर्वांत चोख हिशेब लीनाचा आहे. गोऱ्यांच्या वस्तीत घर का घेतलेस असे विचारल्यावर ती समतेवर व्याख्यान देत नाही. ती सांगते, की कृष्णवर्णीयांसाठी गावाबाहेर बांधलेली घरे दुप्पट किमतीला मिळतात आणि मला माझ्या कुटुंबासाठी कमीत कमी पैशांत चांगल्यात चांगले घर हवे होते. म्हणजे लिंडनर यांचा नफा घेऊन ‘दुसरीकडे’ जायचे तर तिथे तो नफा पुरणार नाही. ज्या बाजारात एकाच मालाचे दोन भाव गिऱ्हाइकाच्या कातडीच्या रंगावरून ठरतात, तिथे आपल्या कर्जविभागाचे नेहमीचे गणित चालत नाही.

शिवाय हे लिहिणाऱ्या बाईंना त्या व्यवहाराची किंमत घरातूनच माहीत होती. त्यांचे वडील कार्ल हॅन्सबेरी हे शिकागोत घरजमिनींचाच व्यवसाय करत. १९३७ साली त्यांनी गोऱ्यांसाठी राखलेल्या एका भागात घर घेतले. त्या भागातल्या मालकांनी आपसांत करारच केलेले होते, की कृष्णवर्णीयाला घर विकायचे नाही. घराभोवती जमाव जमला, एक वीट आत भिरकावली गेली आणि ती लहानग्या लोरेनला लागता लागता राहिली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९४० साली हॅन्सबेरी जिंकले. मात्र निकाल तांत्रिक मुद्द्यावर होता. आधीच्या ज्या खटल्यात ते पक्षकार नव्हते त्याचा निर्णय त्यांच्यावर बंधनकारक नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले आणि ते करार तसेच राहू दिले. असे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत हा निर्णय १९४८ साली दुसऱ्या एका खटल्यात लागला, आणि घरविक्रीतला भेदभाव बेकायदा ठरवणारा केंद्रीय कायदा त्यानंतर वीस वर्षांनी, १९६८ साली आला. कार्ल हॅन्सबेरी १९४६ सालीच वारले होते आणि लोरेन १९६५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. यंगर कुटुंबाचे सामान बाहेर पडताना पडदा पडतो, पण क्लायबोर्न पार्कमध्ये पहिल्या रात्री काय होऊ शकते हे लेखिकेने लहानपणी पाहिलेले होते. त्या शेवटाला भाबडा म्हणणे मला जमत नाही.

लिंडनर यांच्याविषयी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. ते एकही अपशब्द उच्चारत नाहीत. ते अवघडलेले, सभ्य, सतत घसा खाकरणारे गृहस्थ आहेत, आणि ‘आमचे लोकही कष्टाळू, साधे आहेत, प्रत्येकाने आपापल्या लोकांत राहावे यातच सर्वांचे सुख आहे,’ असे समजुतीने सांगतात. भाड्याने फ्लॅट बघायला गेल्यावर आधी आडनाव आणि मग स्वयंपाकघरात काय शिजते हे ज्यांना विचारले गेले आहे, त्यांना हा आवाज ओळखीचा वाटेल. हे विचारणारेही बहुधा चहा देऊनच विचारतात.

प्रश्न : त्या काळी हे नाटक चालले का?
— एक वाचक, बाळे

उत्तर : चांगलेच चालले. निर्माते फिलिप रोझ यांना पैसे उभे करायला वर्षाहून अधिक काळ लागला आणि पुष्कळ छोट्या गुंतवणूकदारांकडून ते जमवावे लागले, कारण कृष्णवर्णीय कुटुंबाचे गंभीर नाटक पाहायला कोण येणार, असा मोठ्यांचा हिशेब होता. ११ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या एथेल बॅरीमोर थिएटरात ते आले. ब्रॉडवेवर आलेले कृष्णवर्णीय स्त्रीचे ते पहिले नाटक. दिग्दर्शक लॉइड रिचर्ड्स, वॉल्टरच्या भूमिकेत सिडनी पॉइटियर, लीनाच्या भूमिकेत क्लॉडिया मॅकनील आणि रूथच्या भूमिकेत रूबी डी. ५३० प्रयोग झाले आणि न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाचा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट नाटकाचा पुरस्कार त्याला मिळाला.

प्रश्न : आमच्या वडिलांच्या विम्याची रक्कम आईच्या नावे आली आहे. मोठा भाऊ ती यंत्रमागाच्या धंद्यात घालू म्हणतो, मी आणि बहीण नको म्हणतो. आपला लेख घरात मोठ्याने वाचला गेला आणि भांडण अधिकच वाढले. आता काय करावे?
— एक वाचक, मुरारजी पेठ

उत्तर : भांडण वाढले याबद्दल वाईट वाटले, पण नाटकावरच्या सदराकडून वकिलाचे काम होणार नाही. एवढे मात्र सांगता येते, की विमा कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पत्नी, मुले किंवा आईवडील यांना नॉमिनी केले असेल, तर ती रक्कम साधारणपणे त्यांचीच मानली जाते. विम्याखेरीज वडिलांची जी स्वतःची मिळकत असेल, तिच्यात मृत्युपत्र नसल्यास हिंदू वारसा कायद्यानुसार आई, मुलगे आणि मुली यांचे हिस्से समान असतात. म्हणजे विम्याच्या रकमेपुरत्या आपल्या आई लीनाच्याच जागी आहेत आणि निर्णय त्यांचा आहे. नाटकातून घ्यायचेच असेल तर त्यांनी एवढे घ्यावे : बहिणीच्या हिश्शाचे पैसे भावाच्या हातून बँकेत पाठवू नयेत, ते स्वतः जाऊन भरावेत. आणि भावाला धंद्याचा पूर्ण हिशेब सगळ्यांसमोर मांडायला सांगावे. वॉल्टरला त्या घरात हे कधीच कोणी सांगितले नाही. ‘दारूचे दुकान’ हे शब्द ऐकताच आईने विषय बंद केला, आणि विषय बंद झाल्यामुळे विली हॅरिसविषयी एकही प्रश्न विचारला गेला नाही.

प्रश्न : आमची हौशी संस्था राज्य नाट्य स्पर्धेत सोलापूर केंद्रावर उतरते. हे नाटक गिरणी कामगाराच्या घरात आणून बसवावे असा विचार आहे. बाप गिरणीत जॉबर होता, गिरणी बंद पडली, त्याची देणी मिळाली, असे दाखवावे का? दुकान दारूचेच ठेवावे का? आणि लिंडनर कोणाला करावे? दोन अंकांत बसवताना मध्यंतर कुठे घ्यावे हेही सांगावे.
— एका नाट्यसंस्थेचे कार्यकर्ते, अशोक चौक

उत्तर : सर्वप्रथम रूपांतराच्या परवानगीची रीतसर चौकशी करा, तालमी सुरू झाल्यावर नव्हे, आधी.

गिरणीची कल्पना मला आवडली. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्यांच्या भोंग्यांवर ज्या शहराचे घड्याळ चालत असे, तिथे बापाची पाळी आणि बापाचे पैसे प्रेक्षकांना लगेच समजतील. पण रक्कम गिरणीच्या देण्यांची करू नका, विम्याचीच ठेवा. देणी ही केलेल्या कामाची असतात आणि ती बाप जिवंत असतानाही मिळू शकतात. विम्याची रक्कम तो मेल्यामुळेच येते. त्या घरातला प्रत्येक जण मेलेल्या माणसाच्या किमतीवर आपले स्वप्न मांडतो आहे, ही टोचणी गेली तर उरते ते केवळ वाटणीचे भांडण. त्याच कारणासाठी काळ आजचा घेऊ नका. आज पैसे मोबाइलवर संदेश येऊन खात्यात जमा होतात. नाटकाला पोस्टमनची वाट पाहणारे घर लागते. गिरण्या बंद पडल्या तो काळ घेतलात तर हे आपोआप साधेल.

दुकान दारूचेच ठेवा. किराणा किंवा चादरींचे दुकान केले तर आईचा विरोध हट्टीपणाचा वाटेल आणि मुलगा उगाचच सात्त्विक होईल. परवान्यासाठी पैसे चारण्याचा धागाही तोडू नका, आपल्याकडे तो समजावून सांगावा लागणार नाही.

शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घराचे वळण दिलेत तर भाषेची एक मोठी सोय आपल्या हाती येते. घरात तेलुगू, बाजारात मराठी, ही सोलापुरात नेहमीची गोष्ट आहे. आईने रागावल्यावर किंवा देवाचे नाव घेताना तेलुगूत जावे, मुलीने तिला मराठीत उत्तर द्यावे, आणि लिंडनरच्या जागी येणाऱ्या पाहुण्याने मात्र अतिशय शुद्ध, पुस्तकी मराठीत बोलावे. संवाद न वाढवता अंतर दिसेल.

लिंडनर कोण, याचे उत्तर आपल्या संस्थेलाच द्यावे लागेल, आणि तेच देताना पुष्कळ रूपांतरे कच खातात. जात किंवा धर्म यांपैकी काहीतरी नाव घेऊन सांगावे लागेल. केवळ ‘श्रीमंत विरुद्ध गरीब’ असे केलेत तर त्याच्या प्रस्तावाला अर्थच राहणार नाही, कारण यंगर कुटुंबाने घराचे पैसे भरलेले आहेत. त्यांना नाकारले जाते ते पैसे नाहीत म्हणून नव्हे. त्याला खलनायकाच्या मिशा मात्र लावू नका. तो वस्तीतल्या कार्यकारिणीचा चिटणीस असावा, हातात फाइल असावी, आणि दाराशी चपला काढून आत यावा.

नेपथ्याविषयी एकच : लीना जिवापाड जपते ते खिडकीतले रोप कुठूनही दिसेल असे ठेवा, पण त्यावर प्रकाशझोत टाकू नका. परीक्षकांना असले झोत फार पाहावे लागतात.

मध्यंतर विली हॅरिस पळाल्याच्या बातमीवर घ्यायचा मोह होईल. घेऊ नका. तो धक्का आणि त्यानंतरची घराची अवस्था एका बैठकीत गेली पाहिजे. मध्ये वडापाव आला की प्रेक्षक बाहेरच तोडगा काढून परत येतात. आई मुलाला पैसे देते, त्यानंतर तो रात्री ट्रॅव्हिसजवळ बसून तू मोठा झाल्यावर आपला बाग असलेला बंगला असेल, मोटारी असतील, तू सांगशील त्या कॉलेजात तुला घालीन, असे सांगत सुटतो, तिथे थांबा. मूळ नाटकात दुसऱ्या अंकाचा तो प्रवेश तिथेच संपतो. त्या वेळी साडेसहा हजार त्याच्याजवळ आहेत, बहिणीचे तीन हजार अजून बँकेत गेलेले नाहीत, आणि सकाळ व्हायची आहे.